शिधा तोलून केलेला वूल्टन पाय

२०२५ च्या ८ मेला युरोपातलं दुसरं महायुद्ध संपून ८० वर्षं झाली. लीड्समधल्या आमच्या गल्लीनं त्या दिवशी रस्त्यावर टेबलं मांडून एकत्र जेवायचं ठरवलं, आणि ज्याला जमेल त्यानं त्या काळातला एखादा पदार्थ करून आणावा असं सुचवलं. वूल्टन पाय, म्हणजे वर आवरण घालून भाजलेला युद्धकाळातला भाज्यांचा पदार्थ, मी करते, असं मी सांगून टाकलं आणि फेब्रुवारीतच कामाला लागले. नुसती कृती वाचून पाय भाजण्यात मला रस नव्हता. तो पदार्थ ज्या शिध्यातून निघाला, तो शिधा घरात आणायचा, तोलायचा आणि त्यावर दोन माणसांचा स्वयंपाक चालवून बघायचा, असं मनात होतं. नवऱ्यानं एकच अट घातली: डबा भरून न्यायला मिळाला पाहिजे.

ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं ८ जानेवारी १९४० ला. आधी बेकन, लोणी आणि साखर. मग मांस, चहा, मार्गारीन, जॅम, चीज अशी यादी वाढत गेली. आकडे वर-खाली होत राहिले, पण मोठ्या माणसाचा आठवड्याचा वाटा साधारण असा होता: लोणी २ औंस, मार्गारीन ४ औंस, स्वयंपाकाची चरबी २ ते ४ औंस, चीज २ औंस, साखर ८ औंस, चहा २ औंस, दूध ३ पिंट आणि अंडं एक. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, एक पिंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. आम्ही अंडं खातो, मांस खात नाही. तेव्हाही शाकाहारी लोकांना तशी नोंद करता येत असे. मांस आणि बेकनवरचा हक्क सोडला की बदल्यात जास्तीचं चीज मिळे. म्हणून आमच्या वाट्याला चीज जरा जास्त धरलं.

सगळं तोलून ओट्यावर मांडलं तेव्हा डोळ्यांत भरलं ते स्निग्धाचं प्रमाण. मी खानदेशची, रावेर भागातली. आमच्याकडे भाजीवर तवंग दिसला नाही तर भाजी झालीच नाही असं मानतात. इथे लोणी, मार्गारीन आणि चरबी मिळून एका माणसाला आठवड्याला पाव किलोच्या आत-बाहेर, आणि त्यातच पावाला लावायचं, भाजायचं, गोड करायचं. स्वयंपाकाच्या चरबीऐवजी मी तेवढ्याच वजनाची वनस्पती चरबी घेतली. फोडणी करायची नाही, असं ठरवलं. मिरची नाही, मसाला नाही. मीठ, मिरपूड, मोहरीची पूड आणि मार्माइट, म्हणजे यीस्टचा खारट अर्क, एवढंच. करी पावडर त्या काळच्या पाककृतींत येते, पण ती घातली की माझी जीभ लगेच माहेरी पळेल, आणि त्या लोकांनी काय खाल्लं ते मला कळणारच नाही, म्हणून तीही बाजूला ठेवली.

चहाचं मात्र खरंच अवघड गेलं. दोघांचा मिळून दिवसाला सोळा ग्रॅम. त्यात सकाळचा दोघांचा आपल्या पद्धतीचा उकळून चहा होतो, आणि संध्याकाळी तीच पत्ती पुन्हा उकळावी लागते.

पण तो देश कार्डावरच्या शिध्यानं जगवला नाही, कार्डाबाहेरच्या गोष्टींनी जगवला. बटाटे, गाजरं, कोबी, स्वीड आणि पार्सनिप हे कंद, आणि पाव यांना युद्धभर कार्ड लागलं नाही. (पावावर रेशन आलं ते युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८.) बाहेरून येणारं अन्न जहाजांतून आणावं लागे आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. मग जे आपल्याच मातीत उगवतं ते भरपूर पिकवा आणि त्यानं पोटं भरा, असा सरळ हिशेब होता. ऑक्टोबर १९३९ पासूनच लोकांना परसात, बागेत, मैदानात भाजी लावायला सांगत होते. अन्नखात्यानं गाजराला डॉक्टर केलं, बटाट्याला पीट नावाचा हसरा माणूस केला, आणि रात्री विमानं पाडणाऱ्या वैमानिकांची नजर गाजरांमुळे तीक्ष्ण आहे असंही पसरू दिलं. त्या नजरेमागचं खरं कारण विमानात बसवलेलं रडार होतं.

या सगळ्यात माझं सगळ्यात आधी जमलं ते पावाशी. १९४२ च्या वसंतात पांढरा पाव जवळपास बंद झाला आणि 'नॅशनल लोफ' आला, गव्हाचा ८५ टक्के भाग राखलेल्या पिठाचा. घरी अर्धी कणीक आणि अर्धा मैदा घेतला की त्याच्या जवळ जाता येतं. लोकांनी त्या पावाला करडा, भरड, ओलसर म्हणून नावं ठेवली, हिटलरचं गुप्त शस्त्र म्हणाले. पोळी-भाकरीवर वाढलेल्या मला तो पहिल्या घासापासून आवडला. कडेचा तुकडा मोहरी लावून खावा, त्यावर किसलेलं कच्चं गाजर आणि चीजचा एक पातळ काप.

या पिठामागचं विज्ञान मला फार मोलाचं वाटतं. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात केंब्रिजमध्ये एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकॅन्स या संशोधकांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग केला. मांस, दूध, अंडी, साखर, स्निग्ध अगदी कमी. पाव, बटाटे आणि भाजी हवी तेवढी. काही महिने तसं खाऊन ते भर थंडीत लेक डिस्ट्रिक्टला गेले आणि डोंगर चढून-उतरून अंगात किती ताकद उरली आहे ते पाहिलं. प्रकृती ठणठणीत होती. दोन अडचणी त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या: एवढा पाव आणि भाजी चावायला वेळ फार लागतो, आणि पोटात वायू धरतो. तिसरी गोष्ट अशी दिसली की कोंड्यासकटच्या पिठातलं फायटिक आम्ल कॅल्शियम शरीराला मिळू देत नाही. म्हणून पुढे पिठात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळायला लागले. ब्रिटनमध्ये आजही मैद्यात ते कायद्यानं घालावं लागतं. आमच्या दुकानातल्या पिशवीवर घटकांत ते छापलेलं असतं. वायूबद्दल त्यांनी लिहिलं ते आमच्या घरातही शब्दशः खरं ठरलं. स्वयंपाकात मसाला नव्हता, पण जेवणानंतर चिमूटभर ओवा चघळायची मुभा मी आम्हा दोघांना दिली.

भाजी शिजवायची रीत त्या काळात बदलली, आणि ती आजही शिकावी अशी आहे. त्याआधी इथल्या बऱ्याच घरांत कोबी भरपूर पाण्यात, कधी सोडा घालून, लगदा होईपर्यंत उकळत. अन्नखातं सांगू लागलं: कोबी अगदी बारीक चिरा, तळाला जेमतेम पाणी असू द्या, ते खळखळ उकळल्यावरच भाजी टाका, झाकण घट्ट ठेवा, दहा मिनिटांत उतरवा आणि उरलेलं पाणी फेकू नका. यामागे क जीवनसत्त्व टिकवायचं होतं, कारण संत्री-लिंबं येणं जवळजवळ थांबलं होतं. बटाटे सालीसकट उकडा, साल काढणं म्हणजे नासाडी, असंही सांगत. मी एक जाड बुडाचं पातेलं याच कामाला ठेवलं आणि भाजीचं पाणी बरणीत साठवत गेले. त्या पाण्यात ओटचं जाडसर पीठ, लीकचा, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीचा, हिरवा भाग, गाजराचा कीस आणि मिरपूड घालून जे सूप होतं ते थंडीच्या संध्याकाळी मनापासून प्यावं असं. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरातून आलेल्या बाईला भाजीचं पाणी राखून ठेवायला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

कांद्याचं दुःख मला आधी माहीत नव्हतं. ब्रिटनला बराचसा कांदा फ्रान्समधल्या ब्रिटनीतून आणि चॅनल बेटांतून येत असे. १९४० च्या उन्हाळ्यात दोन्ही जर्मनांच्या हाती गेली आणि त्या हिवाळ्यात कांदा दिसेनासा झाला. लोक कांद्याची सोडत काढायचे. एक कांदा बक्षीस म्हणून मिळायचा. आमच्या शेजारच्या आजी १९३६ च्या. त्यांना आठवतं, वडिलांनी कारखान्यातून जिंकून आणलेला कांदा आईनं लगेच चिरला नाही, खिडकीत ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आपल्याकडे आषाढात कांदेनवमीला भजी-भरीत करून चातुर्मास धरतात, पण तो नेम आपण घेतलेला असतो आणि तो कधी संपणार ते पंचांगात असतं. त्या बायकांना काहीच ठाऊक नव्हतं. मी त्या आठवड्यांत कांदा घरात आणला नाही. लीकनं काम भागतं, पण कांदा भाजल्याच्या वासाची जी भूक असते ती लीकनं भागत नाही.

आता पायकडे येते. लॉर्ड वूल्टन एप्रिल १९४० मध्ये अन्नमंत्री झाले. त्याआधी ते मोठ्या दुकानांचा व्यवसाय चालवत. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्स्वा लात्री यांनी हा पाय बसवला, आणि एप्रिल १९४१ च्या अखेरीस 'द टाइम्स'मध्ये त्याची कृती छापून आली. बटाटा, फ्लॉवर, स्वीड आणि गाजर प्रत्येकी एक पौंड, चिरून. तीन-चार पातीचे कांदे. चमचाभर भाजीचा अर्क. मोठा चमचाभर ओटचं पीठ. सगळं एकत्र, बुडेल इतक्याच पाण्यात दहा मिनिटं शिजवायचं, गार करायचं, खोलगट भांड्यात भरून वर पार्सली भुरभुरायची, बटाट्याचं किंवा भरड पिठाचं आवरण घालून भाजायचं आणि तपकिरी ग्रेव्हीबरोबर वाढायचं.

ही कृती आधी वाचली तेव्हा भाज्या कशाही उचलून एकत्र टाकल्यासारख्या वाटल्या. पण आमचा एक छोटा अलॉटमेंट आहे, नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेला भाजीचा तुकडा. मार्चमध्ये तिथे उभी राहिले आणि उलगडा झाला. मार्च ते मे हा इथल्या शेतीतला रिकामा काळ. हिवाळ्याचं संपत आलेलं, उन्हाळ्याचं नुकतं पेरलेलं. हाताशी असतं ते साठवणीतलं: कोंब फुटू लागलेले बटाटे, मातीत दाबून ठेवलेली गाजरं, राकट झालेली स्वीड. ताजं म्हणावं तर थंडीतून निघून वसंतात फुलणारा फ्लॉवर आणि वर आलेली कांद्याची पात. एप्रिलअखेर छापलेली कृती नेमकी हीच यादी सांगते. त्या आचाऱ्यानं बाजार बघून पदार्थ रचला होता, आणि तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे.

लोकांना हा पाय फारसा आवडला नाही, हेही खरं. का आवडला नसेल ते केल्यावर समजलं. स्वीड हा सलगमच्या जातीतला मोठा कंद. कच्चा पिवळसर, शिजला की नारिंगी होतो, गोड लागतो पण मागे कडसर चव ठेवतो. त्याला शिजायला वेळ लागतो, फ्लॉवरला लागत नाही. दहा मिनिटांत दोघांना एकत्र आणायचं तर स्वीड आणि गाजर बोराएवढं बारीक हवं आणि फ्लॉवरचे तुरे मोठे हवेत. बटाटा मधल्या आकाराचा. एवढं सांभाळलं की फ्लॉवरचा चिखल होत नाही. ओटचं पीठ शेवटच्या तीन-चार मिनिटांत घालून सतत हलवावं. ते भाज्यांचं पाणी धरून ठेवतं, आणि त्यावरच सगळा पाय उभा राहतो. पाणी जास्त राहिलं तर आवरण खालून भिजतं. कृतीत 'गार करा' म्हटलं आहे ते कुणी गाळू नये. गरम भाजीवर आवरण घातलं की वाफेनं ते चिकट होतं.

आवरण मी बटाटा घालून केलं: २२५ ग्रॅम कणीक-मैदा, ११५ ग्रॅम उकडून कुस्करलेला बटाटा, ६० ग्रॅम मार्गारीन, मीठ आणि थोडी बेकिंग पावडर. बटाटा पूर्ण गार आणि कोरडा पाहिजे. पाणी जवळजवळ लागतच नाही. पीठ भिजवून ठेवलं तर सैल होत जातं, म्हणून लगेच लाटायचं, पराठ्यापेक्षा जाड. ६० ग्रॅम म्हणजे एका माणसाच्या आठवड्याच्या मार्गारीनचा अर्धा वाटा. बटाटा नसता तर त्याच्या दुप्पट गेलं असतं.

ग्रेव्हीनं मात्र पाय खऱ्या अर्थानं उचलला. दोन मोठे चमचे पीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर, खमंग वास येऊन विटकरी रंग चढेपर्यंत भाजलं. साठवलेल्या भाजीच्या पाण्यात कालवून उकळलं, त्यात मार्माइट, मिरपूड, मोहरीची पूड. स्निग्धाचा थेंब नाही आणि तरी चव भरलेली. हे भाजणं कुणाही मराठी बाईच्या हातात असतं. शिरा-पिठल्यानं ते शिकवलेलं असतं. मसाल्याशिवाय चव कशी आणतात याचं उत्तर मला त्या तव्यावर मिळालं. पदार्थाला तिखट हवं असतं असं नाही, त्याला कुठेतरी आगीची खूण हवी असते.

गोडाच्या बाबतीत एक गोष्ट फार आत लागली. नोव्हेंबर १९४० मध्ये केळ्यांची आयात बंद झाली. मग पार्सनिप, म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा गोडसर कंद, उकडून, कुस्करून, साखर आणि केळ्याचा इसेन्स घालून पावावर लावायचे आणि मुलांना हेच केळं म्हणून द्यायचे. जळगाव जिल्ह्यात, केळीच्या बागेच्या बांधावर वाढलेली मी तो लगदा पावावर लावत होते. मधला दोरकट भाग काढला तर पोत जवळ येतो, वासही येतो, पण जिभेवर कंदाची माती राहते. शेजारच्या आजींनी एक तुकडा खाल्ला आणि त्या लगेच म्हणाल्या, हेच ते. केळ्यांचं पहिलं जहाज ३० डिसेंबर १९४५ ला एव्हनमथ बंदराला लागलं. आजींना केळं मिळालं त्यानंतर कधीतरी, नऊ-दहा वर्षांच्या असताना, आणि त्यांना ते आवडलं नाही, कारण पार्सनिपची चव तोंडात बसली होती. त्यांची रेशनची वहीही युद्धाबरोबर संपली नाही. शेवटचं रेशन ४ जुलै १९५४ ला उठलं, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. गाजरांचा खोटा जर्दाळू टार्टही केला, गाजराच्या चकत्या, आलूबुखाऱ्याचा जॅम आणि बदामाच्या इसेन्सचे थेंब घालून. तो मला मनापासून आवडला आणि पुन्हा करेन.

वाळलेले वाटाणे मी गवताच्या पेटीत शिजवले. खोक्यात सगळीकडून दाबून सुकं गवत, मधे पातेल्याएवढा खळगा, वर गवताची उशी. भिजवलेले वाटाणे वीस मिनिटं जोरात उकळायचे, झाकणासकट पातेलं खळग्यात बसवायचं आणि दिवसभर उघडायचं नाही. संध्याकाळी पुन्हा एक उकळी. गॅस केवढा वाचतो ते बघून हे खोकं मी अजून मोडलेलं नाही.

मधल्या काळात आईशी फोनवर रोज बोलणं व्हायचं. तिला यात भारी रस. तिनं ७२ च्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरी सांगितल्या, अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, गिळवत नसलेल्या. खडी फोडायच्या कामावर वाटलेली सुकडी सांगितली. मग म्हणाली, "अगं, पण त्यांच्याकडे बटाटे होते ना हवे तेवढे?" होते. ते माझ्या मनातून जात नाही. ज्या १९४३ मध्ये इथली घरं मोजकं लोणी आणि भरपूर बटाटे यांवर धडधाकट राहिली, त्याच साली त्याच साम्राज्यातल्या बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भुकेनं मेली. अंदाज १५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत आणि त्याच्याही वर जातात. धान्यासाठी दिल्लीहून पुन्हा पुन्हा मागणी झाली, लंडननं मागितल्यापेक्षा फार कमी पाठवलं. मुंबईत त्याच साली रेशनिंग सुरू झालं, पण बंगालच्या खेड्यापाड्यांत कार्ड नव्हतं आणि तांदूळही नव्हता. सगळ्यांना सारखा वाटा मिळाला पाहिजे, हे तत्त्व इथल्या सरकारला चांगलं समजत होतं, ते राबवताही येत होतं. म्हणूनच ते समुद्रापलीकडे लागू झालं नाही याचा राग येतो. वूल्टन पाय करताना इथल्या त्या काळच्या बायकांच्या कष्टांबद्दल मला जेवढी माया वाटली, तेवढाच तो रागही खरा आहे, आणि ८ मेला टेबलावर कुणी विचारलं तेव्हा मी दोन्ही बोलले. लोकांनी ऐकून घेतलं. एका तरुण शिक्षकानं बंगालबद्दल आणखी विचारून वहीत लिहून घेतलं.

पाय संपला. आजींनी एक सुधारणा सुचवली: त्यांची आई पीठ लाटण्याच्या भानगडीत पडत नसे, वर नुसता कुस्करलेला बटाटा पसरून काट्यानं रेघा ओढत असे, म्हणजे उंचवटे करपून कुरकुरीत होतात आणि मार्गारीन आणखी वाचतं. उरलेलं सारण दुसऱ्या दिवशी कोबीबरोबर तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी लाल करायचं. मी आता तसंच करते. तव्याला चमचाभर चरबी लावली की पुरते, फक्त एका बाजूला पापुद्रा धरेपर्यंत उलथनं लावायचं नाही.